बर्फात प्यूमाचा माग : कुत्रे सोडण्याआधीचे काम

महाराष्ट्रात बिबट्यावर काम करू इच्छिणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. साठ-सत्तर किलो वजनाचा प्यूमा तीन-चार कुत्र्यांपुढे पळून झाडावर का चढतो, अमेरिकेतील बर्फाळ डोंगरांत त्याचा माग नेमका कसा काढतात, आणि ठावठिकाणा कळवणारी कॉलर गळ्यात बसवण्यासाठी एखाद्या प्राण्याला असे पळवणे योग्य आहे का, असे ते प्रश्न आहेत. मी पशुवैद्यक आहे. मुंबईत शिक्षण झाल्यावर आयडाहो आणि माँटाना या राज्यांतील संशोधन पथकांबरोबर मी चौदा हिवाळे हे काम केले, आणि त्यातील बहुतेक दिवस कुत्रे सोडण्यात गेले नाहीत, तर ते सोडावेत की नाहीत हे ठरवण्यात गेले. म्हणून मधल्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे.

प्यूमा, कूगर आणि माउंटन लायन ही मांजराच्या कुळातील एकाच मोठ्या प्राण्याची नावे आहेत. कॅनडातील युकॉनपासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत हा प्राणी आढळतो, पण तो दिसत मात्र नाही. एका मादीचा वावर शंभर-दोनशे चौरस किलोमीटरांत असतो आणि नराचा त्याहून कितीतरी अधिक. त्यात तो एकटा, बहुधा रात्री आणि कडेकपारींच्या आडोशाने फिरतो. 1964 साली वन्यजीव संशोधक मॉरिस हॉर्नोकर यांनी आयडाहोमधील बिग क्रीक नदीच्या खोऱ्यात प्यूमांचा पहिला दीर्घ अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यांच्यापुढे हीच अडचण होती. त्या खोऱ्यात राहणारे विल्बर वाइल्स हे कसलेले माग काढणारे होते. त्यांचे कुत्रे आणि हिवाळ्यातील बर्फ या दोन गोष्टींच्या आधारावर, पाठीवर ओझी वाहत आणि तंबूत मुक्काम करत, या दोघांनी प्यूमा झाडावर चढवून, त्यांना बेशुद्ध करून, खुणा लावून पुन्हा सोडण्याची पद्धत बसवली. त्या काळी पश्चिमेकडील अनेक राज्यांत प्यूमा हा उपद्रवी प्राणी मानला जाई आणि त्याला मारल्याबद्दल बक्षीस मिळत असे. तो हरणांचा नायनाट करतो, ही समजूत सर्वत्र होती. बिग क्रीकच्या अभ्यासातून दिसले की प्यूमा एकमेकांना टाळून आपापला मुलूख राखतात, त्यामुळे त्यांची संख्या त्यांच्याच व्यवस्थेने मर्यादित राहते, आणि त्या खोऱ्यातील हरणांची व एल्कची (मोठ्या आकाराच्या हरणाची) संख्या त्यांच्यामुळे घटत नव्हती. 1965 ते 1972 या काळात पश्चिमेकडील बहुतेक राज्यांनी प्यूमाला उपद्रवी प्राण्यांच्या यादीतून काढून नियमांखाली आणले. माग काढण्याच्या या जुन्या कसबाचा उपयोग प्राणी मारण्याऐवजी त्याला समजून घेण्यासाठी होऊ शकतो, हे त्या दोघांनी दाखवून दिले, आणि माझ्या मनात त्यांच्याविषयी त्यासाठी फार आदर आहे.

आता प्रत्यक्ष मागाविषयी. आदर्श सकाळ म्हणजे आदल्या संध्याकाळी बर्फ पडून मध्यरात्रीच्या सुमारास थांबलेला असतो. अशा वेळी उजाडताना जमिनीवर दिसणारा प्रत्येक ठसा गेल्या पाच-सहा तासांतला असतो, आणि मागाचे वय हा सर्वांत अवघड हिशेब निसर्गानेच करून ठेवलेला असतो. बर्फ पहाटेपर्यंत पडत राहिला, तर ठसे बुजतात. तो तीन दिवसांपूर्वी थांबला असेल, तर ठसे भरपूर मिळतात, पण त्यातला आजचा कोणता आणि परवाचा कोणता हे ओळखावे लागते. अशा वेळी आम्ही ठशाच्या कडेला बोट लावून पाहतो. पायाखाली दबलेल्या बर्फाचे कण काही तासांत एकमेकांना चिकटून घट्ट होतात, त्यामुळे ताज्या ठशाची कड बोटाने ढासळते आणि जुन्या ठशाची कड कडक लागते. ठशाच्या तळाशी दहिवराचे बारीक स्फटिक उभे राहिले असतील, तर तो ठसा रात्रीच्या कडाक्याच्या आधीचा आहे. दक्षिणेकडच्या उतारावरील ठसा दुपारच्या उन्हात वितळून पसरतो आणि रात्री तसाच गोठतो. नवख्या माणसाला तो प्रचंड नराचा वाटतो, पण तीच चाल उत्तरेच्या सावलीत पाहिली की ती मध्यम बांध्याच्या मादीची निघते. म्हणून मी कोणताही निष्कर्ष काढण्यापूर्वी माग सावलीत जाईपर्यंत चालत राहतो.

प्यूमाचा ठसा कुत्र्याच्या किंवा लांडग्याच्या ठशापासून वेगळा ओळखणे फारसे कठीण नाही. नखे उमटत नाहीत, चार बोटांपैकी एक किंचित पुढे असते, आणि मागच्या गादीच्या खालच्या कडेला तीन उंचवटे स्पष्ट दिसतात. नर-मादी ओळखणे अधिक कठीण असते. मागच्या पंजाच्या मुख्य गादीची रुंदी सुमारे 5 सेंटीमीटर ही आमची ढोबळ सीमारेषा होती. तिच्या खाली बहुधा मादी किंवा तरुण प्राणी आणि तिच्या बऱ्याच वर प्रौढ नर. पण चालताना प्यूमा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशातच टाकतो, त्यामुळे मोजण्याजोगा सुटा ठसा मिळण्यासाठी तो ओंडक्यावरून उतरला असेल, वळला असेल किंवा थबकला असेल अशी जागा शोधावी लागते. नर आपल्या मुलखात ठिकठिकाणी मागच्या पायांनी पालापाचोळा किंवा बर्फ मागे ओढून छोटा ढीग करतो, आणि हा ढीग दिसला की मापापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवावा. प्राणी कोणत्या वाटेने जाईल याचा अंदाज सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला लवकर येतो, कारण प्यूमाही धार, सोंड आणि कड्याखालचा पदर धरून चालतो. खोल बर्फ टाळण्यासाठी तो पडलेल्या झाडांवरून, खडकांच्या कंगोऱ्यांवरून आणि देवदारासारख्या दाट झाडांच्या बुंध्याजवळून जातो, कारण तिथे बर्फ कमी साचतो.

माग मिळाल्यावर सर्वांत महत्त्वाचे काम सुरू होते, आणि ते म्हणजे उलटा माग चालणे. प्राणी गेला त्या दिशेने धावण्याआधी तो जिकडून आला तिकडे आम्ही एक-दोन किलोमीटर चालत जातो. प्यूमाच्या मादीला वर्षात कधीही पिल्ले होऊ शकतात, एका वेळी बहुधा दोन किंवा तीन, आणि ती आईबरोबर वर्ष-दीड वर्ष राहतात. खोल बर्फात ही पिल्ले आईच्या ठशांत पाय टाकत एका रांगेत चालतात, त्यामुळे वरवर पाहिले तर एकच प्राणी गेल्यासारखे दिसते. उलट्या मागावर कुठेतरी ओंडका किंवा खडक लागतो, पिल्लू खेळायला बाजूला गेलेले असते, आणि तिथे लहान ठसे सुटे दिसतात. याहून लहान पिल्लांना आई कपारीत ठेवून शिकारीला जाते, आणि त्यांचे ठसे कुठेच नसतात. अशा वेळी मादीच्या मागाची रचनाच बोलते. ती एखाद्या ठिकाणाहून निघून पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी परतत असेल, तर तिथे पिल्ले किंवा झाकून ठेवलेली शिकार असते.

माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात मी ही पायरी घाईने उरकली. दुपारनंतर ऊन वाढणार होते, माग सरळ वाटत होता, उलट्या दिशेने जेमतेम दोनशे मीटर जाऊन मी होकार दिला. कुत्र्यांनी मादीला वीस मिनिटांत झाडावर चढवले आणि परतताना आम्हाला तिच्या मागात मिसळलेले दोन पिल्लांचे ठसे दिसले. ती पाच-सहा महिन्यांची असावीत. कुत्रे मोठ्या वासामागे गेल्यामुळे ती बचावली आणि दुसऱ्या दिवशी तिघांचे ठसे पुन्हा एकत्र सापडले. इतक्या वयाच्या पिल्लांना कुत्र्यांची टोळी सहज मारू शकते. त्या दिवसापासून उलटा माग एक किलोमीटर चालल्याशिवाय मी कुत्रे सोडू दिले नाहीत, मग त्यापायी दिवस वाया गेला तरी हरकत नाही.

कुत्र्यांविषयी आता सांगतो. या कामात ट्रीइंग वॉकर, ब्लूटिक, रेडबोन, प्लॉट अशा जातींचे हाउंड, म्हणजे वासावर माग काढणारे शिकारी कुत्रे, वापरतात. प्लॉट सोडल्यास बहुतेकांचे मूळ इंग्लंडच्या फॉक्सहाउंडात आहे. प्लॉटचे पूर्वज जर्मनीतून नॉर्थ कॅरोलायनात आलेले आहेत. काही कुत्र्यांचे नाक जुन्या, थंड झालेल्या मागावरही चालते, तर काहींना ताजा वासच लागतो; पण ताज्या मागावर हे दुसरे कुत्रे अधिक वेगाने धावतात. चांगल्या टोळीत दोन्ही प्रकारचे असतात. अतिशय कोरड्या, कडाक्याच्या थंडीत वास जवळजवळ मरतो, आणि भुसभुशीत कोरड्या बर्फात तोंड खुपसून कुत्रा गोंधळतो. तापमान गोठणबिंदूच्या आसपास येऊन बर्फ किंचित ओलसर झाला की तोच कुत्रा डोके वर करून धावू लागतो. हरीण, एल्क, कोल्हा यांच्या मागे न जाण्याची शिकवण ही कुत्र्याच्या शिक्षणातली सर्वांत लांब पायरी असते, आणि ती पूर्ण न झालेला कुत्रा संशोधनात आणू नये. टोळीचे भुंकणे ऐकून अनुभवी मालक पुढे काय चालले आहे ते सांगतो: मागावर लांब, ओढलेला सूर असतो, आणि प्राणी झाडावर गेला की तोच सूर आखूड, सलग आणि एका जागी स्थिर होतो. आता कुत्र्यांच्या गळ्यातही जीपीएस असते, त्यामुळे टोळी कुठे थांबली हे हातातल्या यंत्रावर कळते, तरी मी आधी कान देतो.

प्यूमा झाडावर का चढतो, याचे उत्तर त्याच्या शरीरात आणि त्याच्या भूतकाळात आहे. तो दबा धरून थोड्या अंतरात झडप घालणारा प्राणी आहे. त्याचे मागचे पाय लांब आणि ताकदवान आहेत, पण शरीराच्या मानाने हृदय आणि फुप्फुसे लहान असल्याने त्याचा दम लवकर तुटतो. हाउंड मात्र तासन्‌तास धावू शकतो. कॅलिफोर्नियात प्यूमा आणि कुत्रे अशा दोघांच्याही अंगावर हालचाल मोजणारी यंत्रे बसवून केलेला एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की पळताना प्यूमा तीव्र वळणे घेतो, चढ-उताराचा आणि झाडीचा फायदा घेतो, आणि तरीही अशा पळण्याचा प्रत्येक मिनिट त्याला नेहमीच्या शिकारीच्या हालचालीपेक्षा कितीतरी अधिक महाग पडतो. म्हणून तो लवकरात लवकर उंच जागा गाठतो. भुंकत येणारी टोळी त्याच्या दृष्टीने लांडग्यांची टोळी आहे, आणि लांडग्यांबरोबर हजारो वर्षे राहिलेल्या या प्राण्याला झाड हा खात्रीचा आसरा आहे. तीन कुत्र्यांपैकी एकाला तो निश्चित मारू शकतो, परंतु एकट्याने शिकार करून जगणाऱ्या प्राण्याला मोडलेला पंजा किंवा तुटलेला सुळा म्हणजे उपासमार असते. झाड न मिळाल्यास तो कड्यावर चढतो किंवा खडकाला पाठ लावून उभा राहतो, आणि तिथे कुत्रे खरोखर मरतात. म्हणूनच कडे असलेल्या घळीकडे माग जात असेल, तर मी कुत्रे सोडू देत नाही.

झाडाखाली पोहोचल्यावर पहिले काम कुत्र्यांना साखळी लावून दूर बांधण्याचे. मग मी प्यूमाला न हलवता काही मिनिटे पाहतो: तो किती धापा टाकतो आहे, किती उंचीवर आहे, खाली काय आहे. फांदी पंचवीस मीटरांवर असेल, खाली खडक किंवा ओढा असेल, किंवा अंधार पडायला तासाभराहून कमी वेळ असेल, तर आम्ही परत फिरतो. मी असे कितीतरी वेळा परतलो आहे, आणि पथकातील तरुणांना त्याचे वाईट वाटते हेही जाणतो. अनुकूल असेल, तर मांडीच्या स्नायूत डार्ट, म्हणजे बेशुद्धीचे औषध भरलेली सुई, बंदुकीने मारला जातो. केटामाइन आणि मेडेटोमिडीन ही औषधांची जोडी मला अधिक पसंत आहे, कारण मेडेटोमिडीनवर उतारा देता येतो. टिलेटामाइन आणि झोलाझेपाम हे मिश्रण विश्वासार्ह असले, तरी त्यातून प्राणी सावकाश शुद्धीवर येतो, आणि उणे पंधरा अंशांत ते सावकाश येणे धोक्याचे असते. डार्ट लागल्यावर पाच ते दहा मिनिटांत डोके झुकते. झाडावर चढणारा सहकारी दोर घेऊन वर जातो, प्यूमाला बांधून हळूहळू खाली सोडतो, आणि खाली आम्ही जाळे धरून उभे असतो.

खाली आल्यानंतरचा पाऊण तास माझा असतो. केटामाइनखाली डोळे उघडे राहतात, म्हणून आधी डोळ्यांत वंगण घालून त्यांवर पट्टी बांधतो, नाहीतर बर्फावरचे ऊन त्यांना इजा करते. पाठीखाली जाड फोमची चटई असते. दर पाच मिनिटांनी तापमान, नाडी आणि श्वास नोंदवतो. साधारण तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअस असते; धावपळीमुळे सुरुवातीला ते 40 च्या वर जाते आणि मग बर्फावर झपाट्याने उतरते, त्यामुळे एकाच प्राण्याला आधी थंड करावे आणि नंतर उबदार ठेवावे लागते. हे उलटसुलट वळण नव्या पशुवैद्यकाला चकवते. दरम्यान रक्त, केस आणि कानाच्या कडेचा ऊतींचा छोटा नमुना घेतला जातो, हिरड्या किती मागे सरल्या आहेत यावरून वयाचा अंदाज बांधला जातो, आणि ठरावीक काळाने आपोआप गळून पडणारी कॉलर बसवली जाते. कॉलर आणि मान यांमध्ये किती बोटे मावतात हे मी स्वतः तपासल्याशिवाय कोणीही हालत नाही. केटामाइनचा असर ओसरल्यावरच उतारा देतो, कारण लवकर दिला तर प्राणी अर्धवट भानावर येऊन धडपडतो. मग सर्वजण दूर जातात आणि तो उठून चालू लागेपर्यंत मी एकटा दुर्बिणीतून पाहत राहतो.

तिसरा प्रश्न न्याय-अन्यायाचा आहे आणि त्याला बगल देणे बरोबर नाही. हा पाठलाग प्राण्याला त्रास देतो. तो होत नाही असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. अमेरिकेत याच पद्धतीने हौशी शिकारही होते आणि त्याविषयी राज्यागणिक मते वेगळी आहेत. कॅलिफोर्नियात 1990 साली मतदारांनी प्यूमाची हौशी शिकारच बंद केली, ओरेगनने 1994 साली आणि वॉशिंग्टनने 1996 साली कुत्र्यांच्या साह्याने होणाऱ्या शिकारीवर बंदी आणली. कोलोरॅडोत 2024 साली असाच प्रस्ताव नामंजूर झाला. कातडे-मुंडके मिरवण्यासाठी झाडावरचा प्यूमा मारणे मला पटत नाही, आणि ज्या मालकांकडून मी हे कसब शिकलो त्यांच्यापैकी काहींशी माझे याबाबत एकमत झाले नाही, तरी बर्फ वाचायला मला त्यांनीच शिकवले, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. संशोधनासाठी पळवणे मात्र मी योग्य मानतो, पण एका अटीवर: त्या एका पाठलागातून मिळणारी माहिती दुसऱ्या सौम्य मार्गाने मिळत नसली पाहिजे. केवळ संख्या मोजायची असेल तर कॅमेरे आणि विष्ठेतील डीएनए पुरतात. पण मादी शिकारीवर किती दिवस थांबते, लांडगे तिला हुसकावतात का, पिल्ले कशाने मरतात, हे कॉलरशिवाय कळत नाही. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1995 साली लांडगे परत आणले गेले; त्याच्या आधी आणि नंतर तिथे प्यूमांचा अभ्यास झालेला होता, म्हणूनच त्या बदलाची तुलना करता आली. फ्लोरिडात बर्फ नाही, तरी तिथे पँथर म्हटल्या जाणाऱ्या मोजक्या उरलेल्या प्यूमांना कॉलर बसवण्याचे काम कुत्र्यांच्या मदतीनेच झाले, आणि 1995 साली टेक्सासमधून आणलेल्या आठ माद्यांमुळे ती संख्या सावरली हे त्या कॉलरांमुळेच नेमके समजले.

लांडगे परतल्यावर आमचेही नियम बदलले. लांडग्यांच्या मुलखात सोडलेला कुत्रा त्यांच्या दृष्टीने परका लांडगा असतो. आता आम्ही आधी लांडग्यांच्या ताज्या खुणा शोधतो, आणि त्या मिळाल्या तर प्यूमाचा माग कितीही चांगला असला तरी सोडून देतो.

बिबट्यासाठी हीच पद्धत वापरता येईल का, असे विद्यार्थिनीच्या प्रश्नात सुचवलेले आहे. माझे उत्तर नाही असे आहे. अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे 39 टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा होता. प्यूमाला भुंकण्यात लांडगे ऐकू येतात, बिबट्याला त्यात जेवण ऐकू येण्याची शक्यता अधिक. उसाच्या फडात चढायला झाड नाही, पुढचे दोन मीटर दिसत नाहीत, आणि भुंकणे ऐकून अर्धे गाव जमा होईल, ते वेगळेच. बिग क्रीकमध्ये हॉर्नोकर यांच्यानंतर काम केलेले जॉन सायडेनस्टिकर नेपाळच्या चितवनमध्ये वाघांच्या अभ्यासासाठी गेले, तेव्हा तिथे त्यांनी कुत्रे नेले नाहीत. हत्ती आणि पांढऱ्या कापडाच्या लांब पट्ट्या वापरून वाघाला हाकत आणण्याची तिथली जुनी रीत स्वीकारली गेली आणि झाडावर बसून डार्ट मारला गेला. प्राणी बदलला की पद्धत त्या मुलखाकडूनच शिकावी लागते.

इथे अमेरिकेत येऊन हे काम शिकायचेच असेल, तर पहिला हिवाळा कुत्र्यांच्या मालकाबरोबर केवळ उलटा माग चालण्यात घालवावा. खिशात मिलिमीटरच्या खुणांची छोटी पट्टी, वही आणि पेन्सिल ठेवावी, कारण उणे वीस अंशांत पेनाची शाई गोठते. प्रत्येक ठशाजवळ आधी आपला अंदाज लिहावा, नर की मादी, किती तासांपूर्वीचा, सोबत कोणी आहे का, आणि त्यानंतरच मालकाला त्याचे मत विचारावे. दोन उत्तरे किती वेळा जुळतात हे मार्चअखेरीस वहीत मोजता येते, आणि पुढच्या हिवाळ्यात कुत्र्याची साखळी त्या विद्यार्थिनीच्या हाती द्यायची की नाही, हे आम्ही त्या वहीवरून ठरवतो.